वाडीत हे पेरलं कोणी?

काकाजी गेले, त्यानंतर पाच पावसाळे घरामागच्या वाडीत कोणी इळा घेऊन शिरलं नाही. यंदा विदर्भातल्या आर्वीजवळच्या त्या घराचं कुलूप काढलं, तर विहिरीकडे जायची वाटच सापडेना. मजुरीला आलेल्या भाऊंनी खांद्यावरची कुऱ्हाड खाली ठेवली. "काय ठेवायचं अन् काय तोडायचं, तेवढं सांगा फक्त." तेवढंच सांगता येईना. पाच वर्षांत तिथं कोणी एक रोप लावलं नव्हतं, तरी रान डोक्यावर गेलेलं.

पान न् पान ओळखत बसण्याऐवजी मी आधी झुडूप उभं कुठे आहे ते पाहू लागलो. आपसूक उगवलेल्याचं बी कोणीतरी आणलेलं असतं, आणि आणणाऱ्याची सवय जागेवरून कळते. विजेच्या तारेखाली, आंब्याच्या फांदीखाली, कुंपणाच्या खांबाशी दाटी असेल तर ते पाखरांचं काम. बुलबुल, साळुंकी फळ खातात आणि बसल्या जागी बी टाकतात. पडक्या गोठ्याजवळ बाभळी होत्या. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, पोटातून जाताना बियांचं टणक कवच थोडं मऊ पडलं, लेंड्यांसोबत खतही मिळालं. उघड्या पडीक कोपऱ्यातली रुई वाऱ्याने आणलेली. एरंडीचं बोंड उन्हात तडकून बी उडवतं, शिवाय बीच्या टोकाला एक लहानशी गाठ असते, ती खायला मुंग्या बी ओढून नेतात. आणि विहिरीच्या ओलीत माजलेली बेशरम? ती आपणच आणली. कुंपणाला म्हणून कधीकाळी फांद्या खोचल्या असणार. तिची कांडी ओल्या मातीत पडली की मुळं धरते, म्हणून तोडून तिथंच टाकणं म्हणजे लावणीच. आमच्याकडे तिला नाव बरोबर दिलंय.

तारेखाली सगळ्यात जास्त होती रायमुनिया, म्हणजे पुस्तकातली घाणेरी. चौकोनी काटेरी दांडा, समोरासमोर खरखरीत पानं, चुरडलं की उग्र वास. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतात, कारण ताजं फूल पिवळं असतं आणि जुनं होताना रंग बदलतं. ही अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेली. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. भाऊ म्हणाले, "दोन तोडले का दहा फुटते." खरंच आहे. खोड जिथं मुळाला मिळतं, त्या सांध्याशी झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब असतात. वरून छाटलं की ते जागे होतात. जाळलं तरी तेच, जमिनीखालचा भाग शाबूत राहतो. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सोपा उपाय रूढ केला: सांध्याच्या तीन-चार बोटं खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं. तणनाशक औषध लागत नाही. मात्र पाखरं तारेवर बसायची थांबत नाहीत, तेव्हा पहिले दोन-तीन पावसाळे तारेखालून एक फेरी मारावीच लागते.

फेरी कधी मारायची, हे काळी माती ठरवते. उन्हाळ्यात ती मुळं अशी आवळते की सब्बलही हात टेकते. भर पावसात फुगून चिकट होते, पाय निघत नाही. जोराचा पाऊस उघडून दोन दिवस गेले, वापसा आला, म्हणजे माती ना चिकट ना कडक अशी झाली, की वीतभर रोप मुळासकट हातात येतं. शेतकऱ्याला डवरणीसाठी, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला जो दिवस कळतो, तोच हा. एवढं एक साधलं तर कुऱ्हाडीचं अर्धं काम वाचतं.

सुबाभळीचं दुखणं वेगळं. बाभळीसारखं बारीक पान, पण काटा नाही. पांढरे गोंडे, मग चपट्या तपकिरी शेंगांचे झुपके. मूळची मेक्सिकोकडची. चारा आणि सरपण म्हणून गेल्या शतकात तिचा जोरात प्रसार झाला आणि चारा म्हणून ती खरंच उपयोगी आहे, थोडी थोडी मिसळून घातली तर. घोड्यासारख्या जनावराचे केस मात्र गळतात. तिच्या बीला पाणी शिरू न देणारं कवच असतं, म्हणून रोपवाटिकेत ते गरम पाण्यात बुडवून मग पेरतात. वाडीत असं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि थोडं थोडं उगवतं. कडुनिंबाचं याच्या उलट: निंबोळीची उगवण्याची ताकद काही आठवड्यांत संपते. त्यामुळे नको असलेला कडुनिंब एका पावसाळ्यात उपटून संपवता येतो, सुबाभळीला शेंग धरण्याआधीच गाठावं लागतं.

तोडताना डोळे जपा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि भाऊंनी तो चक्क हाताने पुसला होता. एरंडीचं बी विषारी, बेशरमेचा पाला शेळ्यांना विषारी, आणि जुन्या फांद्यांच्या ढिगात घोणस असू शकते, आधी काठी आपटावी.

सगळंच तोडायचं नव्हतं. बोराची दोन रोपं ठेवली. जागेवर उगवल्याने त्यांचं सोटमूळ न मोडता खोल गेलेलं, कलम बांधायला असं खुंट रोपवाटिकेत मिळत नाही. उन्हाळ्यात खाली छाटायचं आणि पावसाळ्याच्या तोंडी नव्या फुटीवर उमराण या चांगल्या बोराच्या जातीचा डोळा भरायचा.

आंब्याखालचं एक रोप मात्र आम्ही जवळपास तोडलंच होतं. समोरासमोर पातळ, चकचकीत पानं, चीक नाही, वास नाही, लहान फुलं लालसर काळपट होत गेलेली. चंदन. सुगंध पानात नसतो, आतल्या गाभ्यात असतो, तोही बऱ्याच वर्षांनी. बुलबुलांनीच आणलेलं. विदर्भात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चंदन असं येतंच. पुढे ते तोडायचं म्हटलं तर परवानगी लागते, वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत ते आहे. पण खरी अडचण मातीखाली होती. चंदन अर्धं परजीवी: पानं स्वतःचं अन्न करतात, पण मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढतात. शेजारी कोण, तर दोन हातांवरची सुबाभूळ.

म्हणून वाडीत ती एक सुबाभूळ अजून उभी आहे. चंदनाला दुसरा शेजार म्हणून बुंध्याशी तूर टाकली आहे, ती धरली की पाहू. तोवर गोंडे दिसले की खुडायचे, एवढं काम भाऊंकडे दिलंय.