गट जुळत नाही, मग पांढऱ्या पेशी कशा देता?

‘पेशी उतरल्यात’ म्हटलं की कोल्हापुरात आधी डेंग्यू आणि प्लेटलेट आठवतात. हे पत्रक त्यांच्याबद्दल नाही. किमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेल्या आणि औषधांना संसर्ग दाद देत नसला, तर डॉक्टर कधीकधी दात्याच्या पांढऱ्या पेशी मागवतात. रुग्णाची अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागेपर्यंतची ही सोय. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही आधीच सांगतो.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “पेशंट ओ, भाऊ ए. चालतंय का?”

अडचण खरं तर पांढऱ्या पेशींची नसतेच. ए-बीच्या खुणा त्यांच्यावर जवळपास नसतात. दात्याच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशिनमधून त्यांच्यासोबत लाल पेशीही येतात, गोची तिथं आहे. पिशवी हातात घेतलीत तर रक्ताचीच वाटेल. ओ गटाच्या रुग्णाच्या अंगातली प्रतिद्रव्यं ए गटाच्या लाल पेशी फोडतात. मग थंडी-ताप, काळसर लघवी, किडनीवर ताण.

म्हणून पिशवीत हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च (पेशी वेगळ्या करायला मिसळलेला पिष्टमय द्रव) असताना ती उभी टांगून ठेवतो. स्टार्चमुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन तळाला बसतात. वर फिकट, धूसर थर उरतो. तो दुधावरची साय काढावी तसा दुसऱ्या पिशवीत घ्यायचा. जरा घाई केली की लाल रेघ वर चढते. थोड्या पांढऱ्या पेशीही तळाशी अडकतात, त्यामुळे जुळणारा दाता मिळत असेल तर आम्ही तोच घेतो.

उलट प्रकारात, ओ दाता आणि ए रुग्ण असेल, तर लाल पेशी चालतात. दात्याच्या प्लाझ्मातली प्रतिद्रव्यं तपासावी लागतात.

क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळवून बघायची तपासणी, कधीच टाळत नाही. कार्डावर ओ लिहिलेला रुग्ण बॉम्बे गटाचा निघू शकतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणलेला हा गट. त्याला ओच्या लाल पेशीही चालत नाहीत.

तालमीची पोरं एका हाकेला वीस-पंचवीस जण दारात उभी राहतात, त्याचं कौतुकच आहे. पण इथं गर्दी नको, वेळ पाळणारे दोघं-तिघं हवेत. दात्याला आदल्या रात्री पांढऱ्या पेशी वाढवायला जी-सीएसएफचं इंजेक्शन आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी घ्यावी लागते. हाडं दुखतात, झोप उडते. मधुमेह असेल तर आधी सांगा. दुसऱ्या दिवशी मशिनवर दोन-तीन तास जातात.

दात्याच्या लिम्फोसाइट पेशींनी रुग्णावर हल्ला करू नये म्हणून पिशवीला २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणं दिलेली असतात. ती २० ते २४ अंशांत ठेवायची, हलवायची नाही, २४ तासांच्या आत, शक्यतो लगेच चढवायची. पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावू नये. अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायला नर्सना आठवण करा. आणि पिशवी न्यायला येताना बर्फाचा डबा आणू नका.