फाइल स्थानांतर (संगणक)

फाइल स्थानांतर : घरगुती संगणकाच्या एका साठवण ड्राइव्हवरील फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याची क्रिया; रोजच्या बोलण्यात ‘कट-पेस्ट’. एकाच ड्राइव्हच्या आत फाइल ‘हलवली’ की तिचा मजकूर जागच्या जागी राहतो, फक्त नोंदीतला पत्ता बदलतो. म्हणून १० जीबीची फाइलही क्षणात दुसऱ्या फोल्डरमध्ये दिसते. ड्राइव्ह बदलला की मजकूर तिकडे नव्याने लिहावा लागतो आणि लिहून झाल्यावर मूळ नोंद पुसली जाते. पहिली क्रिया नामांतराची, दुसरी नकलेची. दोन्हींना एकच नाव पडल्याने बराच गोंधळ होतो.

ड्राइव्हला एका अक्षराने ओळखण्याची पद्धत कोठून आली, याबद्दल एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिचे मूळ आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या सीपी/सीएमएस प्रणालीत आहे. तीत मोठ्या डिस्कचे आभासी भाग पाडून वापरकर्त्याला ते एकेका अक्षराने दाखवले जात. दुसरे मत डिजिटल इक्विपमेंट (डेक) या कंपनीच्या प्रणालींकडे बोट दाखवते. तेथे उपकरणाची नावे अनेक अक्षरी असत, पण नावापुढे अपूर्णविराम (:) देण्याची रीत तिथलीच. अमेरिकन संगणकतज्ज्ञ गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास छोट्या संगणकांसाठी तयार केलेल्या सीपी/एम प्रणालीत दोन्ही खुणा एकत्र दिसतात. त्या प्रणालीतील नक्कल करणाऱ्या आज्ञेचे ‘पिप’ हे नावही डेककडचे असल्याने तो प्रभाव निर्विवाद म्हणता येतो; अक्षर सीएमएसचे आणि अपूर्णविराम डेकचा, असे मानणे त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटते.

पिपमध्ये आधी मुक्काम आणि मग उगम लिहावा लागे : ‘पिप बी:=ए:’ म्हणजे ए वरचे बी वर. बीजगणितातल्या समीकरणासारखी ही मांडणी मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस प्रणालीने उलटवली आणि ‘कॉपी’ आज्ञेत उगम आधी आला. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत दोन फ्लॉपी ड्राइव्हांची सोय होती, त्यांना ए आणि बी ही अक्षरे मिळाली. १९८३ च्या पीसी एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्याला सी. फ्लॉपी नामशेष होऊनही विंडोजचा मुख्य ड्राइव्ह आजवर सीच आहे.

‘हलवणे’ ही स्वतंत्र आज्ञा युनिक्स या संगणक प्रणालीत १९७१ पासून (‘एमव्ही’) आढळते. फाइल प्रणाली (ड्राइव्हवर फाइली मांडण्याची व त्यांची नोंद ठेवण्याची व्यवस्था) वेगळी असेल तर ही आज्ञा नक्कल करून मूळ पुसते, हे युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या (१९७९) माहितीपुस्तिकेत स्पष्ट सांगितलेले आहे. एमएस-डॉसमध्ये ‘मूव्ह’ आज्ञा सहाव्या आवृत्तीत (१९९३) आली. तोवर आधी कॉपी, मग डिलीट, असा दोन टप्प्यांचा उद्योग होता. विंडोजमध्ये माउसने फाइल ओढली, तर त्याच ड्राइव्हवर ती हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर तिची नक्कल होते. शिफ्ट दाबून ओढल्यास दोन्हीकडे हलते.

भारतात घरगुती संगणक जुळवून देणारे एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत. सी ला ‘फॉरमॅट मारला’ तरी डी वरचे फोटो वाचावेत, हा त्यातला हिशेब. फॅट-१६ या जुन्या फाइल प्रणालीत एका भागाची मर्यादा २ जीबी होती, हेही या सवयीमागचे एक कारण असावे. मात्र असा डी ड्राइव्ह भौतिकदृष्ट्या त्याच डिस्कवर असतो. सी वरून तिकडे फाइल नेताना वाचक-शीर्षाला (तबकडीवर फिरून मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला) सतत ये-जा करावी लागते, आणि डिस्कच निकामी झाली तर सगळे भाग एकदम जातात.

पेनड्राइव्हबाबत नेहमीची अडचण फॅट-३२ या फाइल प्रणालीची. तीत एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, असू शकते. त्यामुळे १६ जीबी मोकळ्या असलेल्या पेनड्राइव्हवरही पाच जीबीचे लग्नाचे चित्रीकरण मावत नाही आणि दोष जागेवर ढकलला जातो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस या फाइल प्रणालींत ही मर्यादा जाणवत नाही. हजारो बारीक फाइली तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा कितीतरी हळू जातात, कारण प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते.

देवनागरी नावांच्या फाइलींना आणखी दोन अडचणी येतात. सामान्य माहितीपुस्तिकांत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो. पहिली लांबीची. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो, पण युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेतात) त्याची ११ चिन्हे होतात. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ एककांची (देवनागरीच्या एका चिन्हाला एक एकक) असून हा शब्द त्यांतील ११ घेतो. लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल प्रणालीत मर्यादा २५५ बाइटची आहे आणि युनिकोडची चिन्हे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’चे ३३. अशा ठिकाणी देवनागरी नाव ८५ चिन्हांतच आटोपते आणि विंडोजवर नीट नांदणारी लांबलचक नावाची फाइल तिकडे नेताना अडते.

दुसरी अडचण खास मराठीची. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा फोडूनही. ॲपलची एचएफएस प्लस ही जुनी फाइल प्रणाली (१९९८) फाइलीचे नाव फोडूनच साठवत असे. मॅकवरून ‘दुसऱ्या वर्षाचे हिशेब’ ही फाइल तशाच फोडलेल्या नावाने विंडोजच्या ड्राइव्हवर आली, की तिथे आधीपासून असलेल्या त्याच नावाच्या फाइलीवर ती न लिहिली जाता शेजारी जाऊन बसू शकते. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी. २०१७ पासून प्रचारात आलेल्या ॲपलच्या एपीएफएस या नव्या फाइल प्रणालीत नाव दिले तसे ठेवले जाते आणि दोन्ही रूपे एकच मानली जातात. जुन्या मॅकच्या डिस्कवरून उतरवलेल्या संग्रहांत मात्र अशी जुळी नावे अजून सापडतात.