गोष्टीला फाटे फुटतात तेव्हा

तुम्ही एका अंधाऱ्या गुहेत आहात. डावीकडून पाण्याचा आवाज येतोय, उजवीकडे कुलूप लावलेलं दार आहे. कुठे जाल?

संगणकावरचा, मजकुरावर चालणारा साहसखेळ एवढाच असतो: प्रसंग आणि पर्याय. तो लिहायला बसलेला नवशिका बहुधा ‘जर-तर’च्या अटी एकीच्या पोटात एक अशा घालत जातो आणि पाच-सहा प्रसंगांतच कोणती अट कुठे संपते हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. त्यापेक्षा गोष्ट आणि ती चालवणारा प्रोग्राम वेगळे ठेवावेत. प्रत्येक प्रसंगाला नाव द्यायचं आणि त्या नावाखाली मजकूर आणि कोणता पर्याय कोणत्या प्रसंगाकडे नेतो, एवढंच नोंदवायचं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘डिक्शनरी’, म्हणजे नावाखाली माहिती ठेवणारी रचना, यासाठी अगदी सोयीची. मग प्रोग्राम म्हणून उरतो एक छोटासा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचना: मजकूर दाखव, उत्तर घे, पुढच्या प्रसंगावर जा. प्रसंग दहा असोत की हजार, लूप तोच!

विल क्राउदर यांनी 1970च्या दशकाच्या मध्यात पीडीपी-10 संगणकावर फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या गुहेच्या खेळातही वर्णनं आणि वाटांचं कोष्टक वेगळ्या फाइलमध्ये होतं. क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारे. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ केव्हच्या नकाशांवर त्यांनी काम केलं होतं. 1977मध्ये डॉन वूड्स यांनी तो खेळ वाढवला.

खरी अडचण येते ती संख्येची. दर वेळी दोन पर्याय आणि दहा वेळा निवड, म्हणजे 1024 शेवट. लिहायचे प्रसंग 2047, त्यातले खेळाडू एका डावात वाचणार फक्त 11. वीस निवडी केल्या तर शेवटच दहा लाखांच्या पुढे जातात. म्हणून फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र आणाव्या लागतात.

पण वाटा एकत्र आल्या तर निवडीला अर्थ काय उरला? इथे व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामने लक्षात ठेवलेल्या, बदलू शकणाऱ्या नोंदी, कामी येतात, आणि मला या सगळ्यातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. किल्ली घेतली का, म्हाताऱ्याला मदत केली का, दिवा विझला का, अशा चार हो-नाही नोंदी ठेवल्या तरी एकाच दारापाशी येण्याच्या 16 वेगळ्या अवस्था होतात. दार तेच, पण किल्ली असलेल्यालाच ते उघडतं.

खेळ इतरांना देण्याआधी पहिल्या प्रसंगापासून सगळ्या वाटांनी फिरून पोहोचता येईल त्या प्रत्येक प्रसंगावर खूण करणारा छोटा प्रोग्राम लिहा. खूण न झालेला प्रसंग कोणत्याच खेळाडूला कधीच दिसणार नाही. बहुतेकदा तिथे जाणाऱ्या पर्यायात नावाचं एखादं अक्षर चुकलेलं सापडतं.