नौरू: खणलेली जमीन, विकाऊ देशपण

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रशांत महासागरातल्या नौरू या देशाने आपलं नागरिकत्व विकायला काढलं. किमान किंमत १ लाख ५ हजार अमेरिकी डॉलर. कारण दिलं हवामानबदलाचं. समुद्राची पातळी वाढतेय, बहुतेक वस्ती किनाऱ्यालगत आहे आणि ती बेटाच्या मधल्या उंचवट्यावर हलवायची तर पैसा हवा, असं सरकारचं म्हणणं. पण उंचवटा घराच्या परसातच असेल तर तिथे जायला एवढा पैसा कशाला लागतो? उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे: तो उंचवटा खणून, बोटीत भरून कधीच परदेशी गेला आहे.

नौरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे जवळपास पाच देश मावतील. लोकसंख्या साधारण १२ हजार. बेट विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि सर्वांत जवळचं शेजारी बेट, बानाबा, ३०० किलोमीटर पूर्वेला. किनाऱ्याने दीडशे ते तीनशे मीटर रुंदीची पट्टी आहे. घरं, शाळा, विमानतळ, संसद, बेटाला वळसा घालणारा रस्ता, सगळं त्या पट्टीवरच. नैऋत्येकडे थोडं आत बुआडा नावाचं तळं आणि त्याभोवती थोडी हिरवळ. उरलेलं जवळपास ८० टक्के बेट म्हणजे मधलं पठार, तिथल्या बोलीत 'टॉपसाइड'. त्याचा बहुतेक भाग आता प्रवाळी चुनखडीच्या सुळक्यांचं रान आहे. सुळक्यांमधल्या खळग्यांत फॉस्फेट, म्हणजे खताला लागणारा दगड होता, तो उपसून नेला. राहिले ते सुळके. त्यांच्यात ना शेत करता येत, ना घर बांधता येत.

नौरूचे लोक बारा कुळांचे, आणि कूळ आईकडून चालतं. देशाच्या झेंड्यावरच्या ताऱ्याला बारा टोकं आहेत ती त्यासाठीच. १७९८ मध्ये जॉन फर्न या ब्रिटिश कप्तानाच्या जहाजाला हे बेट दिसलं आणि त्याने त्याला 'रम्य बेट' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे देवमाशांच्या शिकारीची जहाजं येऊ लागली, त्यांच्यातले पळपुटे खलाशी बेटावर राहिले, आणि त्यांच्याबरोबर बंदुका आणि दारू आली. १८७८ मध्ये कुळाकुळांत सुरू झालेली यादवी दहा वर्षं चालली. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतलं, बंदुका गोळा केल्या आणि यादवी थांबवली. जर्मनांना इथे रस होता तो खोबऱ्यापुरता.

खरी कहाणी एका दगडापासून सुरू होते. सिडनीतल्या एका ब्रिटिश कंपनीच्या कचेरीत दार अडवायला नौरूहून आणलेला एक दगड ठेवलेला असे. ते अश्मीभूत लाकूड आहे अशी सगळ्यांची समजूत होती. आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने दगड तपासला, आणि तो उच्च प्रतीचा फॉस्फेट निघाला. मग जर्मन आणि ब्रिटिश हितसंबंधांची सांगड घालून पॅसिफिक फॉस्फेट कंपनी उभी राहिली आणि १९०७ मध्ये माल बाहेर जाऊ लागला. खाणीवर मजूर होते ते मुख्यतः चीनमधून आणि इतर बेटांवरून आणलेले. नौरूच्या जमीनमालकांना टनामागे अर्धी पेनी मिळे.

या दगडाचं मोल कळायला ऑस्ट्रेलियाची शेती पाहावी लागते. तिथली जमीन जुनी, झिजलेली, फॉस्फरसला मोताद. फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की सुपर फॉस्फेट होतं. त्याची गोणी आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ओळखीची आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची गव्हाची शेतं आणि मेंढ्यांची कुरणं या खतावर उभी राहिली. त्यामुळे पहिलं महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांनी नौरू ताब्यात घेतलं. राष्ट्रसंघाने बेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याकडे 'पालकत्वाने' सोपवलं. पण पालकांचं आपसात आधीच ठरलं होतं. १९१९ च्या करारात त्यांनी फॉस्फेटची वाटणी करून टाकली: ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२, न्यूझीलंड १६. कंपनी विकत घेऊन 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' नावाचं मंडळ नेमलं.

या मंडळाच्या कारभारातली मेख दरात होती. फॉस्फेट जागतिक बाजारभावाने विकायचंच नाही, उत्पादनखर्चाला धरून आपल्याच देशांतल्या शेतकऱ्यांना द्यायचं, असं धोरण होतं. नफाच दाखवायचा नाही, मग त्यात मालकाचा वाटा कुठून येणार? स्वामित्वशुल्क हळूहळू वाढलं, पण दगडाच्या खऱ्या किमतीच्या मानाने ते किरकोळच राहिलं. सगळं कायदेशीर, हिशेब चोख.

बेटावरचे लोक तोवर वेगळाच आकडा मोजत होते. रोगराईत इतकी माणसं गेली होती की वंश टिकायचा तर किमान १,५०० जण हवेत, असं त्यांनी ठरवलं होतं. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी जन्मलेल्या बाळाने तो आकडा गाठला. तो दिवस 'अंगाम' म्हणून आजही सणासारखा साजरा होतो.

दहा वर्षांत पुन्हा घसरण झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं. कुष्ठरोगाच्या ३९ रुग्णांना होडीत बसवून समुद्रात नेलं आणि होडी बुडवली. १९४३ मध्ये सुमारे १,२०० नौरूवासीयांना मजुरीसाठी प्रशांत महासागरातल्याच ट्रुक बेटांवर नेलं. त्यातले ७३७ जण जिवंत परतले, ३१ जानेवारी १९४६ रोजी. जपान्यांनी बांधून घेतलेली धावपट्टी हेच आजचं विमानतळ आहे.

ट्रुकहून परतलेल्यांत हॅमर डिरोबर्ट हा तरुण शिक्षक होता. पुढे तो मुख्य सरदार झाला आणि पालक देशांशी हिशेबाची भाषा बोलू लागला. खाण संपली की इथे राहण्याजोगं काही उरणार नाही, हे १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियालाही मान्य होतं. त्यावर त्यांनी तोडगा काढला तो अख्खं गावच उठवण्याचा: क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचं कर्टिस बेट देतो, तिथे या, ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हा. नौरूवासीयांना तिथे स्वतःचं राज्य हवं होतं. ते मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर १९६४ मध्ये त्यांनी नकार दिला. जुन्या आठवणी असलेल्यांना हा नकार चुकीचा वाटला असेल का, कोण जाणे. मला तो त्या इतिहासातला सर्वांत ताठ कण्याचा निर्णय वाटतो. ३१ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे ट्रुकहून परतल्याच्याच तारखेला, नौरू स्वतंत्र झाला. डिरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष. फॉस्फेटचा उद्योग २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घेण्याचा करार झाला आणि १९७० मध्ये तो ताब्यात आला. आपल्याच जमिनीतला दगड काढण्यासाठी पैसे मोजून.

पुढची वीस वर्षं म्हणजे दंतकथा. कर नाही, औषधपाणी आणि शिक्षण फुकट, दरडोई उत्पन्न जगातल्या वरच्या देशांच्या पंक्तीला. खाण संपल्यावरची सोय म्हणून एक न्यास काढला आणि त्याने परदेशात मालमत्ता घेतल्या. मेलबर्नमधली ५२ मजली 'नौरू हाउस' ही त्यातली सर्वांत ठसठशीत. फॉस्फेटचं मूळ समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेत आहे असं मानलं जातं, त्यावरून मेलबर्नकरांनी या इमारतीला ठेवलेलं टोपणनाव इथे लिहिण्याजोगं नाही. देशाची विमानकंपनी निघाली, बोइंग आली. न्यासाच्या पैशातून १९९३ मध्ये लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवर एक संगीतिकाही काढली गेली आणि सपशेल आपटली.

नौरूची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या संगीतिकेवर येऊन थांबतात. अचानक श्रीमंत झालेले अडाणी लोक, उधळपट्टी, दिवाळखोरी. ही मांडणी सोयीची आहे. उधळपट्टी झाली, भ्रष्टाचारही झाला, बुडीत गुंतवणुका सुचवणारे बाहेरचे सल्लागारही मिळाले. पण दगडातून निघालेला पैसा साठ वर्षं दुसऱ्यांच्या शेतात मुरला होता, हे त्या गोष्टीत येत नाही.

ती बाजू आंतरराष्ट्रीय न्यायालयात आली. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं होतं की स्वातंत्र्याच्या वेळच्या करारात सगळं मिटलं. नौरूने एक चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष होते श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री. १९८९ मध्ये हेगला खटला दाखल झाला. १९९२ मध्ये खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला आहे असा निकाल न्यायालयाने दिला, आणि ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये तडजोड केली: १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातला जवळपास निम्मा भाग वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडने त्यात थोडा हातभार लावला. पठार पुन्हा वापरण्याजोगं करायला ही रक्कम अपुरी होती. सपाटीकरण थोड्याशा भागापलीकडे गेलं नाही.

१९९० नंतर सहज निघणारं फॉस्फेट संपत आलं. २००४ मध्ये कर्जापोटी नौरू हाउस गेली. २००५ च्या डिसेंबरात विमानकंपनीचं एकमेव विमान जप्त झालं. पगार थकले.

विकायला आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे देश असणं. नव्वदच्या दशकात नौरूने परदेशी बँकांना कागदोपत्री नोंदणीची सोय दिली. एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर शेकडो बँका उभ्या राहिल्या, रशियातला काळा पैसा वाहू लागला आणि देश काळ्या यादीत गेला. पासपोर्टही विकले गेले. अमेरिकेच्या दबावाखाली ते बंद करावे लागले. संयुक्त राष्ट्रांतलं एक मत हेसुद्धा भांडवल ठरलं. नौरूने २००२ मध्ये चीनला मान्यता दिली, २००५ मध्ये तैवानला, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनला.

सर्वांत मोठं गिऱ्हाईक मात्र जुनाच पालक निघाला. २००१ मध्ये 'टाम्पा' या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या चारशेहून अधिक आश्रयार्थींना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्याला लागू दिलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना नौरूवर ठेवण्याचा सौदा झाला. छावणी २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली. तिथल्या हालांवर मानवाधिकार संघटनांनी वर्षानुवर्षं लिहिलं. तरी देशाच्या महसुलाचा मोठा हिस्सा छावणीतून येत राहिला. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या करारात ऑस्ट्रेलियाने १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची अर्थसंकल्पी मदत देऊ केली, आणि नौरूच्या सुरक्षाविषयक करारांत आपली संमती लागेल अशी अट घातली.

हे सगळं चालवणारी राज्यव्यवस्था छोटी आणि चमत्कारिक आहे. संसदेत १९ सदस्य, तेच राष्ट्राध्यक्ष निवडतात. पक्ष जवळपास नाहीत, त्यामुळे नातीगोती आणि रुसवेफुगवे यांवर सरकारं पडतात. अविश्वास ठरावांमुळे देशाने एकेका वर्षात अनेक राष्ट्राध्यक्ष पाहिले आहेत. मतदान सक्तीचं आहे आणि मोजणी जगावेगळी: पहिल्या पसंतीला १, दुसरीला अर्धं, तिसरीला एक तृतीयांश मत. २०१८ पर्यंत काही खटल्यांचं अपील थेट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात जाई. लष्कर नाही, चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. अन्न बहुतांशी आयातीचं, डब्यांतलं. मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिकांमध्ये.

एक व्यवहार मात्र नौरूच्या फायद्याचा झाला. टुनाच्या मासेमारीसाठी प्रशांत महासागरातल्या काही देशांनी १९८२ मध्ये एक करार केला, त्याचं नाव नौरू करार. या देशांच्या पाण्यात परदेशी जहाजांना मासेमारीचे 'दिवस' विकत घ्यावे लागतात आणि दर एकजुटीने ठरतो. २१ चौरस किलोमीटरच्या देशाच्या वाट्याला तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र आहे, त्यामुळे हे उत्पन्न भक्कम आहे. ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सच्या काळात असाच दर मिळाला असता तर, हा विचार टाळता येत नाही.

समुद्रतळाकडेही नौरूचं लक्ष गेलं आहे. हवाई आणि मेक्सिको यांच्या मधल्या खोल समुद्रात निकेल, कोबाल्ट, मँगनीजचे गोळे पसरलेले आहेत. ते काढू पाहणाऱ्या एका कॅनडियन कंपनीच्या उपकंपनीला नौरूने देश म्हणून आपलं नाव दिलं आहे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असा प्रायोजक देश लागतो. जून २०२१ मध्ये नौरूने नियम दोन वर्षांत ठरवण्याची मागणी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अधिकृतपणे केली. मुदत जुलै २०२३ मध्ये संपली, नियम ठरले नाहीत. २०२५ मध्ये कंपनीने प्राधिकरणाला बगल देऊन अमेरिकी कायद्याखाली परवाना मागितला, आणि नौरूने तिच्याशी आपला करार नव्याने करून घेतला.