कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का? वादाची पार्श्वभूमी

कोयनेची भिंत बांधायला घेतली तेव्हा दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत निर्धोक मानलं जायचं. धरणाच्या हिशेबात भूकंपाचा आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम ५ टक्के धरला होता. मोठ्या जलाशयाखाली जमीन हलते हे तोवर अगदीच नवं नव्हतं. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या धरणाजवळ १९३० च्या दशकातच तशा नोंदी झाल्या होत्या. आपल्याकडे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

१९६१-६२ पासून शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, पाणी अडलं आणि थोड्याच दिवसांत खोऱ्यात बारीक धक्के सुरू झाले. जमिनीतून गडगडाट ऐकू यायचा. मग भूकंप नोंदवणारी यंत्रं बसली. सप्टेंबर १९६७ मध्ये ५ रिश्टरच्या पुढचा धक्का बसला, तो इशाराच होता. ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप आला. त्याची तीव्रता कुठे ६.३, कुठे ६.५ दिली जाते. दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. मृतांचा आकडा १८० ते २०० च्या दरम्यान सांगतात. धरणातल्या यंत्राने भिंतीच्या लांबीच्या दिशेने नोंदवलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के होता. धरणाची मागची बाजू वरच्या भागात जिथे एकदम उतार बदलते, नेमक्या त्या पातळीला आडव्या भेगा गेल्या. सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू द्यावे लागले ते त्यामुळेच. भूकंपाच्या नकाशावरही हा भाग मग थेट चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेला.

इथून खरा वाद पेटला. हा भूकंप निसर्गाचा की धरणाचा? धरणाची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा वजनाचा होता. १०० मीटर खोल पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला १० किलो. पाच किलोमीटर खाली नुसत्या खडकाचा दाब त्याच्या शंभरपटीहून जास्त असतो. एवढ्याशा जादा भाराने काय होणार? शिवाय पाणी अडलं १९६२ ला आणि मोठा धक्का बसला पाच वर्षांनी, हे कसं?

उत्तर भारात नव्हतं, पाझरात होतं. खडकातल्या भेगांमधून पाणी खोल उतरतं, तिथला पाण्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणात असलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. खोल पोचायला वर्षं लागतात, म्हणून उशीर. जलाशयाची पातळी किती झपाट्याने चढली, आधीच्या उच्चांकापलीकडे गेली का आणि तिथे किती काळ टिकली, याच्याशी पुढच्या धक्क्यांचा मेळ लागत गेला. पावसाळ्यानंतर धक्के वाढतात, हे पाटण तालुक्यात कुणालाही विचारा. ताण निसर्गाचा होता, त्याला वाट पाण्याने करून दिली. आज जगभरचे अभ्यासक कोयनेचं नाव जलाशयप्रेरित भूकंपाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून घेतात. आफ्रिकेतलं करिबा आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता ही त्याच पंगतीतली.

हा केवळ अभ्यासकांचा वाद म्हणून सोडून देता येत नाही. सरकारदरबारी प्रकल्पग्रस्त वेगळा, भूकंपग्रस्त वेगळा. दाखले वेगळे, नोकरीतला वाटाही वेगळा: पहिल्याला ५ टक्के, दुसऱ्याला २ टक्के. धरणाने गाव बुडालं तर तो प्रकल्पाचा परिणाम आणि त्याच धरणाच्या पाण्याने जमीन हलून घर पडलं तर नैसर्गिक आपत्ती! विज्ञान एवढं पुढे गेलं तरी ही विभागणी जागची हलली नाही. वीज आणि पाणी राज्याला मिळालं, भूकंपाची जोखीम मात्र खोऱ्याच्या वाट्याला राहिली, हे इथं स्पष्ट म्हणायला हवं.

पुढे सांगली जिल्ह्याच्या हद्दीवर वारणा धरण भरलं आणि १९९३ मध्ये ५ रिश्टरच्या आसपासचे धक्के दक्षिणेला, वारणेच्या बाजूला बसले. ज्यांना अजून शंका होती त्यांच्यापुढे दुसरा पुरावा आला.

गेल्या काही वर्षांत याच पट्ट्यात ३ किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. कराडजवळच्या प्रयोगशाळेत त्याचे नमुने तपासले जातात. भूकंप होतो त्याच खोलीवर यंत्रं उतरवून धक्क्याच्या आधी खडकात काय बदलतं ते मोजायचं, हा या कामाचा पुढचा टप्पा आहे.