रंगापेक्षा रुंदी: बेळगावची मीटर गेज आणि लढाईवर गेलेली इंजिनं

बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की दुचाकीवाले गाडी बंद करतात आणि वैतागून घड्याळाकडे बघतात. मग एखाद्या दिवशी नेहमीच्या गाडीऐवजी सपाट वाघिणींची लांबलचक रांग येते. वाघिणींवर ताडपत्रीखाली झाकलेले लष्करी ट्रक, मधल्या डब्याच्या दारात पाय सोडून बसलेले जवान. मागून कुणीतरी म्हणतं, "मिलिटरी स्पेशल दिसते की!" आणि घड्याळं विसरली जातात. कॅम्प आणि गाव यांच्या मधून रूळ जाणाऱ्या शहरात हे दृश्य शंभराहून अधिक वर्षांचं आहे. बदललं ते ओढणारं इंजिन.

युरोपात जपून ठेवलेल्या जुन्या युद्धकालीन इंजिनांची छायाचित्रं हल्ली मोबाइलवर बरीच फिरतात. खाकी नाहीतर राखाडी रंग, टेंडरवर म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर पांढरी ठळक अक्षरं आणि नंबर, बाकी नक्षी काही नाही. ती पाहिली की आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांचा प्रश्न ठरलेला असतो: आपल्या रुळांवरही अशी वर्दीतली इंजिनं होती का? माझ्या मते हा धागा रंगाच्या टोकाने ओढला तर लगेच तुटतो. दोन रुळांमधल्या अंतराच्या टोकाने ओढला, तर तो बेळगावहून थेट इराकमधल्या बसऱ्याला आणि मणिपुरातल्या इंफाळला जातो.

तरी आधी रंगाचं पाहू, कारण त्यातही गंमत आहे.

लढाईपूर्वीच्या ब्रिटनमध्ये इंजिनाचा रंग ही कंपनीची शान होती. कुणाचा हिरवा, कुणाचा किरमिजी, वर हाताने ओढलेल्या बारीक रेघा. एका इंजिनाच्या रंगकामात कुशल कारागिरांचे कित्येक दिवस जायचे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आघाडीमागे रेल्वे चालवायला १९१५ साली रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलाची 'रेल्वे ऑपरेटिंग डिव्हिजन' उभी राहिली, आणि तिथे ही चैन परवडेना. तिच्यासाठी दोन-आठ-शून्य चाकांची ५२१ इंजिनं बांधली गेली. दोन-आठ-शून्य म्हणजे पुढे दोन छोटी चाकं, मधे ओढणारी आठ मोठी चाकं, मागे काही नाही. काळा रंग आणि टेंडरवर 'आरओडी' ही पांढरी अक्षरं, एवढाच त्यांचा साज.

दुसऱ्या महायुद्धात हीच काटकसर घरातल्या इंजिनांपर्यंत आली. जगप्रसिद्ध 'फ्लाइंग स्कॉट्समन'सुद्धा काळं झालं. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तर टेंडरवरची 'एलएनईआर' ही चार अक्षरं कमी करून नुसती 'एनई' ठेवली. दोन अक्षरांचा रंग आणि ती रंगवायचा वेळ वाचला! ब्रिटिश वॉर डिपार्टमेंटसाठी १९४३ ते १९४५ या काळात घाईने बांधलेली ९३५ 'ऑस्टेरिटी' इंजिनं खाकी होती. त्यांच्यावर 'डब्ल्यू' आणि 'डी' यांच्या मधे सरकारी मालमत्तेची बाणाची खूण असे. अमेरिकन सैन्याची इंजिनं राखाडी. जर्मनांची 'क्रीग्सलोक' म्हणजे युद्धइंजिनं सहा हजारांच्या वर बांधली गेली, तीही राखाडीच.

आता हा रंग शत्रूच्या विमानापासून लपण्यासाठी होता, असं सहज सांगितलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे, फार नाही. धुराचा लोट आणि वाफेचा पांढरा ढग सोडत जाणारी वस्तू खाकी रंगाने कशी लपणार? रात्री तर आणखी अवघड. फायरमनने कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडलं की उजेड वर ढगापर्यंत जायचा. म्हणून लपवण्याचं खरं काम रंगाच्या डब्याऐवजी ताडपत्रीने केलं. ड्रायव्हरच्या केबिनपासून टेंडरपर्यंत जाड पडदा बांधायचा आणि पुढच्या दिव्यांना टोपरी घालायची. आत भट्टीची धग आणि वरून बंद पडदा, म्हणजे आतल्या दोघांचं काय होत असेल ते लोखंडाच्या तव्याशेजारी उभं राहणाऱ्या कुणालाही कळेल. खाकी आणि राखाडी रंगाचं मुख्य कारण साधं होतं. रंग कमी लागायचा, कारागीर कमी लागायचे, आणि इंजिन कुणाच्या मालकीचं ते लांबून वाचता यायचं.

आता आपल्या रुळांकडे.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळाने हा सगळा मुलूख होरपळला. धान्य पोहोचवायला रस्ते नाहीत म्हणून माणसं मेली, हा धडा घेऊन १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. खर्च कमी ठेवायचा म्हणून रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. पुणे, मिरज, कुडची, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा अशी ही वाट तयार झाली. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकला गेला आणि तिथून पोर्तुगीज हद्दीतून घाट उतरून मुरगाव बंदराला मिळाला. तो घाट इतका खडा, की सुमारे चाळीस फुटांना एक फूट चढ. गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लावल्याशिवाय वर येणं अशक्य. १९०८ साली ही कंपनी मद्रास रेल्वेच्या काही भागाशी जोडली गेली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. जुन्या लोकांच्या तोंडी ती 'एमएसएम'.

दुष्काळाच्या काटकसरीतून आलेली ही एक मीटरची रुंदी पुढे लढाईत महत्त्वाची ठरली. कारण ब्रिटिश साम्राज्याने जिथे जिथे घाईत आणि स्वस्तात रेल्वे घातली, तिथे बहुधा हीच रुंदी निवडली. आसाम मीटर गेज, ब्रह्मदेश मीटर गेज, मलाया मीटर गेज, केनिया-युगांडाही मीटर गेज. यातल्या कुठल्याही ठिकाणी इंजिन कमी पडलं तर हिंदुस्थानातल्या मीटर गेजवरचं उचलायचं, बोटीत घालायचं आणि तिकडे उतरवायचं. चाकं बदलायची गरज नाही.

१९१४ साली बेळगावात सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड असे. अठरावी ब्रिगेड, तिचं नावच बेळगाव ब्रिगेड. युद्ध पेटलं आणि ही डिव्हिजन मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला रवाना झाली. बेळगावहून रेल्वेने मुंबई बंदर गाठायचं तर पुण्यापर्यंत मीटर गेजच्या डब्यांत आणि पुण्याला सगळं सामान उतरवून ब्रॉड गेजच्या, म्हणजे जास्त रुंद रुळांवरच्या गाडीत चढवायचं. तंबू, दाणागोटा, दारूगोळा, सगळं. दोन गेजच्या सांध्यावरची ही ओझ्याची उचलठेव पुढे पन्नास-साठ वर्षं लष्कराच्या पाचवीला पुजली.

या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तिन्ही तिथल्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार सोसून शेवटी शरणागती. वेढा फोडायला येणाऱ्या फौजेला रसद पोहोचवायची तर नदी हाच मोठा रस्ता होता आणि नदीवर बोटी पुरेशा नव्हत्या. तिथे रेल्वे नव्हती, ही त्या पराभवातली एक फार मोठी उणीव. ती भरून काढायला मग रूळ, स्लीपर, वाघिणी आणि इंजिनं हिंदुस्थानातल्या रेल्वे कंपन्यांकडून गोळा करून बसऱ्याला पाठवली गेली. १९१७ च्या मार्चमध्ये बगदाद घेतल्यावर त्याच वर्षी कुत ते बगदाद मीटर गेज टाकली गेली. १९२० पर्यंत बसरा ते बगदाद सलग गाडी सुरू झाली. आणि कुतचे कैदी? त्यांतल्या अनेक हिंदी शिपायांना तुर्कांनी आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे स्वतःच्या 'बगदाद रेल्वे'च्या बांधकामावर जुंपलं. एकाच लढाईत दोन्ही बाजूंच्या रुळांशी आपल्या माणसांची गाठ पडली.

पूर्व आफ्रिकेतही तेच. युगांडा रेल्वेच्या वोई स्टेशनापासून जर्मन हद्दीच्या दिशेने लष्करी फाटा टाकला तो सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंता दलाच्या हिंदी रेल्वे कंपन्यांनी, आणि तोही मीटर गेजचाच.

१९२२ च्या सैन्य पुनर्रचनेत मराठा पलटणी एकत्र आल्या आणि जुन्या ११४ व्या मराठा पलटणीचं प्रशिक्षण केंद्रात रूपांतर होऊन ती बेळगावात बसली. तेव्हापासून आजपर्यंत खेड्यातलं पोर 'गणपत', म्हणजे मराठा पलटणीचा शिपाई, होतं ते याच गावात. साहजिकच दुसऱ्या महायुद्धात बेळगाव स्टेशनावर माणसांची ये-जा अखंड होती. साध्या प्रवाशाला मात्र गाडी मिळणं मुश्कील. प्रवासी गाड्या कमी केल्या होत्या, अगदी गरज असेल तरच प्रवास करा अशा जाहिराती लागत होत्या, आणि बिनमहत्त्वाचे ठरवलेले काही फाटे देशात उखडून त्यांचं लोखंड युद्धाकडे वळवलं होतं. १९४४ च्या एप्रिलमध्ये एमएसएम कंपनी सरकारने थेट ताब्यात घेतली.

त्याच काळात या रेल्वेच्या पश्चिमेच्या टोकाला एक विलक्षण अवस्था होती. लोंढ्याहून उतरणारे रूळ ज्या मुरगावला जात, ते तटस्थ पोर्तुगालचं बंदर. तिथे युद्धाच्या सुरुवातीपासून आसऱ्याला आलेली जर्मन जहाजं नांगर टाकून होती. गाडी चालवणारी कंपनी ब्रिटिश, आणि तिच्या शेवटच्या स्टेशनासमोर शत्रूचं 'एरेनफेल्स' जहाज उभं! ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी घोडदळाच्या तुकडीने त्यावर छापा घातला आणि जर्मन खलाशांनी स्वतःच जहाजं पेटवून बुडवली.

वर्दीतली इंजिनं हिंदुस्थानात खऱ्या अर्थाने उतरली ती पूर्वेकडे. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर आसामची मीटर गेज एकाएकी आघाडीची रेल्वे झाली. चहाची खोकी वाहायला बांधलेली एकेरी वाट आणि मधे पुलाशिवायची ब्रह्मपुत्रा, वाघिणी फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यायच्या. १ मार्च १९४४ ला या रेल्वेचा ८०४ मैलांचा, म्हणजे सुमारे १,२९० किलोमीटरचा पट्टा अमेरिकन सैन्याच्या रेल्वे तुकड्यांनी चालवायला घेतला. त्यांच्याबरोबर आली दोन-आठ-दोन चाकांची मीटर गेज इंजिनं, जनरलच्या नावावरून 'मॅकआर्थर' म्हणून ओळखली जाणारी. इकडच्या नोंदीत त्यांचा वर्ग 'एमएडब्ल्यूडी', आणि शेवटच्या दोन अक्षरांची फोड बहुतेक जण 'वॉर डिपार्टमेंट' अशी करतात.

पलीकडे जपान्यांनीही तेच गणित मांडलं होतं. त्यांच्या घरची रेल्वे १,०६७ मिलिमीटर रुंदीची. म्हणून त्यांनी आपली 'सी-५६' जातीची ९० इंजिनं मीटर गेजला बसतील अशी बदलून सयाम (आजचा थायलंड) आणि ब्रह्मदेशाकडे धाडली. म्हणजे समोरासमोरच्या दोन सैन्यांची रसद एकाच रुंदीच्या रुळांवरून येत होती.

१९४४ च्या त्याच मार्चमध्ये, २२ ते २६ तारखेला, इंफाळच्या वाटेवर सांगशाक इथे पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना अडवून धरलं. तिच्यासोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. इंफाळच्या आघाडीचा शिधा आणि गोळ्या ज्या रेल्वेने दिमापूरपर्यंत येत, ती मीटर गेज. बेळगावला भरती झालेल्या पोराने घर सोडताना पाहिलेल्या रुळांची रुंदी आणि हजारो किलोमीटरवर त्याचं पीठ-डाळ आणणाऱ्या रुळांची रुंदी तंतोतंत एक होती.

युद्ध संपल्यावर अमेरिकन आणि कॅनेडियन इंजिनं इथेच राहिली. ब्रॉड गेजवर एडब्ल्यूडी, एडब्ल्यूई, एडब्ल्यूसी, सीडब्ल्यूडी अशी त्यांची कुळं पसरली. राखाडी रंग उतरला, रेल्वेचा नेहमीचा काळा चढला. इकडे दक्षिणेत १९५१ साली एमएसएम सदर्न रेल्वेत विलीन झाली आणि पुढे मीटर गेजवर वायपी आणि वायजी ही नवी इंजिनं आली. आमच्या पिढीच्या कानात 'आगीनगाडी'ची जी शिट्टी आहे ती यांची.

या मीटर गेजने आणखी एक लढाई पाहिली. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेसाठी फौज जमली ती बेळगावात. मेजर जनरल कॅन्डेथ यांची सतरावी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची पन्नासावी पॅरा ब्रिगेड. सांगशाकची तीच ब्रिगेड, सतरा वर्षांनी. कॅसलरॉकच्या पुढे गोव्याचा रेल्वेमार्ग १९५५ पासून बंद होता, त्यामुळे अखेरची चाल रस्त्याने झाली. एक वाट सावंतवाडी-दोडामार्गाकडून, दुसरी अनमोडचा घाट उतरून. पण रेल्वेने उत्तरेकडून बेळगावला येणाऱ्या कुठल्याही लष्करी सामानाला मीटर गेज चुकत नव्हती. १९१४ सालची तीच उचलठेव इथेही.

पुणे-मिरज वाट १९७१ साली ब्रॉड गेज झाली. मग मिरजेला ब्रॉड, मीटर आणि पंढरपूरकडची नॅरो अशा तीन रुंदीच्या गाड्या एका स्टेशनात उभ्या राहू लागल्या, आणि ओझी उतरवायची जागा पुण्याहून मिरजेला सरकली. मिरज-लोंढा बदललं ते १९९० च्या दशकात. अमेरिकेत बाल्डविनच्या कारखान्यात १९४३ साली बनलेलं 'विराट' नावाचं ब्रॉड गेजचं एडब्ल्यूई इंजिन हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये आजही आहे. ते आणलं तर आता टिळकवाडीच्या गेटवरून जाऊ शकेल. ज्या वर्षी ते बनलं त्या वर्षी इथल्या रुळांवर ते बसलंच नसतं. मॅकआर्थर तेव्हा बसलं असतं, आता नाही.