जीव लावला की माणूस अडकतो?

खानापूर-निपाणीकडं कीर्तन सुटल्यावर हमखास ऐकू येतं, ‘मन मोकळं ठेवायचं तर कुणात जीव गुंतवू नका.’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही समजूत चुकीची आहे, आणि तिनं घरातल्या माणसांवर अन्याय केलाय.

वारकरी परंपराच बघा. नामदेव, एकनाथ, तुकाराम तिघंही संसारी. बेळगावात हिंदवाडीतल्या मंदिराला ज्यांचं नाव आहे ते गुरुदेव रानडे (१८८६–१९५७) जमखंडीचे. लग्न केलं, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि नामसाधनाही शेवटपर्यंत सोडली नाही. यांतल्या कुणालाच माया आड आली नाही.

आड येते ती धास्ती. पोरगा नोकरीला पुण्याला गेला. आई रात्री फोन करते, ‘जेवलास काय रं?’ ही माया. त्यानं उचलला नाही म्हणून लागोपाठ फोन, मग ‘आम्हाला विसरलास’ म्हणून रडारड, मग दोन दिवस अबोला. हा ताबा आहे. दोन्ही एकाच आईच्या पोटातून येतात, म्हणून गफलत होते. ‘तो माझ्या हातातून निसटेल’ ही भीती जितकी ओसरते, तितकी ती त्याचं बोलणं नीट ऐकू लागते, त्यानं तिकडंच घर करायचं म्हटलं तरी.

उलट बाजूही आहे. ‘मी अलिप्त आहे’ म्हणून आजारी बापाकडं न फिरकणाऱ्याला विरक्त म्हणू नये. तो जबाबदारी टाळतोय, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं.